मंगळवारची शेगाव ट्रिप आणि गेलेली सवलत

माई (बी-४), सकाळी ७.१०
सर्वांना नमस्कार. मंगळवारच्या शेगावला २२ नावं आली होती. काल रात्रीपर्यंत ९ जणांनी नाव काढून घेतलं. कोणाकडे पाहुणे, कोणाचा बीपी, कोणाचे गुडघे. पैशामुळे जमत नसेल तर मला खाजगीत सांगा, त्यात लाजायचं काही नाही. पण शेवटच्या दिवशी नाव काढू नका. आरक्षण मी माझ्या पैशाने करून ठेवते.

बापू (डी-५), ७.१४
🙏 शुभ सकाळ 🙏
आनंदाची बातमी!! पुढच्या महिन्यापासून रेल्वेत ज्येष्ठांना ५० टक्के सवलत पुन्हा सुरू. सर्व ग्रुपला पाठवा.

सी-३ दादा, ७.१६
बापू, हे खोटं आहे. असले मेसेज केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने याआधी खोटे ठरवलेत. प्लीज पुढे पाठवू नका.

बापू (डी-५), ७.१७
मला माझ्या साडूने पाठवलं. तो बँकेत होता.

मास्तर (बी-७), ७.२५
बापू, दर दोन-तीन महिन्यांनी हा मेसेज येतो आणि दर वेळी सी विंगच्या म्हाताऱ्या बायका मला खाली गाठून विचारतात, मास्तर खरं का हो? तोंडावर नाही म्हणणं फार जड जातं. २० मार्च २०२० पासून सवलत बंद आहे, अजून सुरू झालेली नाही. पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के होती.

आप्पा (ए-६), ७.२६
खासदारांना निवेदन द्या. सह्या कोण घेणार?

गार्ड नाना (ए-१), ७.३१
आरडाओरड करण्याआधी दुसरी बाजूही बघावी. रेल्वे प्रत्येक तिकिटाच्या खर्चातला मोठा वाटा स्वतः सोसते, २०२२-२३ मध्ये सरासरी ४६ टक्के. म्हणजे ५६,९९३ कोटी. हा आकडा मंत्र्यांनी संसदेत दिलाय, साडूने नाही.

मास्तर (बी-७), ७.३८
नाना, मान्य. पण ते ४६ टक्के पंचविशीतल्या नोकरदारालाही मिळतात. आम्हाला त्याच्यावर वेगळं मिळत होतं, वयाचं म्हणून. ते गेलं. आम्ही बोलतोय त्याबद्दल.
आणि ती काढली का होती तेही आठवा. कोविड होता, म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये म्हणून. कोविड गेला, गाड्या सुरू झाल्या, गर्दी सुरू झाली. दिव्यांगांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची सवलत चालू आहे, असायलाच हवी. आमचीच तेवढी राहून गेली.

बी-११ वहिनी, ७.४०
दुसऱ्या मजल्यावर पाणी नाही. कोणी मोटर लावली का?

बापू (डी-५), ७.४४
नानांना काय फरक पडतो भो, त्यांना रेल्वेचा पास आहे.

गार्ड नाना (ए-१), ७.५२
बापू, ३६ वर्षं मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा बसलोय मी. जानेवारीच्या रात्री, पत्र्याच्या डब्यात, कंदील घेऊन. तेव्हा तुम्ही पांघरूण ओढून झोपला होतात. पास कोणी दान दिलेला नाही. पुन्हा हा विषय काढू नये ही नम्र विनंती.

बापू (डी-५), ७.५३
मी वाईट अर्थाने नाही बोललो नाना.

बी-११ वहिनी, ७.५५
मोटर???

सेक्रेटरी, ८.०२
मोटर लावली आहे, २० मिनिटं थांबा. ट्रिपच्या चर्चेसाठी वेगळा ग्रुप करावा असं मी मागेच सुचवलं होतं.

माई (बी-४), ८.१०
सेक्रेटरीसाहेब, वेगळा ग्रुप केला तर त्यात जाणारेच राहतील. जे येऊ शकत नाहीत त्यांनी हे वाचावं म्हणूनच मी इथे लिहिते.

आपण मंगळवार का धरतो? गुरुवारी महाराजांच्या दर्शनाला रीघ असते, गाडीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून. शनिवार-रविवार नाही, सुट्टी नाही, परीक्षेचे दिवस नाहीत. आपण मुद्दाम मोकळा दिवस आणि मोकळी गाडी बघून जातो, म्हणजे कामावर जाणाऱ्या पोरांची जागा अडत नाही. आपण गेलो नाही तर ती बाकडी रिकामीच जाणार आहेत. रिकाम्या बाकड्यावर म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या पैशात बसवलं तर कोणाचं काय जातं हे मला आजपर्यंत कोणी पटवून दिलेलं नाही.

सी-९ ताई, ८.१५
दिल्लीला माझी मुलगी असते. तिथे मेट्रोच्या स्मार्ट कार्डावर १० टक्के सूट आहे आणि गर्दी नसलेल्या वेळी गेलं तर आणखी १० टक्के. पुण्याच्या मेट्रोतही शनिवार-रविवारी ३० टक्के. म्हणजे रिकाम्या वेळेला स्वस्त ही कल्पना आपल्याकडे नाही असं नाही.

सी-३ दादा, ८.१७
ॲपच्या वॉलेटमधून जनरल तिकीट काढलं तर ३ टक्के मिळतात. मी सगळ्यांना शिकवू शकतो, रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये या.

मास्तर (बी-७), ८.१८
शिकव बाबा, ते कामाचंच आहे. पण पन्नासच्या जागी तीन होतात हे लक्षात असू दे.

आप्पा (ए-६), ८.१९
खासदारांना निवेदन द्या. सह्या कोण घेणार?

गार्ड नाना (ए-१), ८.३०
माईंचं रिकाम्या बाकड्याचं म्हणणं मला पटतं. पण भाववाढीच्या नावाने ओरडू नका. १ जुलै २०२५ च्या वाढीत साध्या दुसऱ्या वर्गाला ५०० किलोमीटरपर्यंत एक पैसाही नव्हता. एक्सप्रेसला बिगर एसी किलोमीटरला १ पैसा. आपल्या भुसावळपासून शेगाव शंभरेक किलोमीटर, म्हणजे एक रुपया. एका रुपयाने ट्रिप मोडत नाही.

मास्तर (बी-७), ८.३३
एका रुपयाने मोडली असं कोण म्हणतंय? साध्या भाड्याच्या गाड्या किती उरल्या ते सांगा ना. तुम्ही आतले आहात.

गार्ड नाना (ए-१), ८.४७
सांगतो. गाडीच्या नंबरचा पहिला आकडा बघायचा. ५ असेल तर पॅसेंजर, ६ मेमू (विजेवरची), ७ डेमू (डिझेलवरची). या साध्या भाड्याच्या, किमान तिकीट १० रुपये. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर मेल-एक्सप्रेस, किमान ३०. कारण दुसऱ्या वर्गाला निदान ५० किलोमीटरचं भाडं धरतात, तुम्ही पुढच्या स्टेशनला उतरलात तरी.
कोविडनंतर पॅसेंजर गाड्या शून्याचा नंबर लावून स्पेशल म्हणून सोडल्या आणि भाडं एक्सप्रेसचं घेतलं. जळगाव २४ किलोमीटर, पण १० चे ३० झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये साधं भाडं परत आलं. मात्र मधल्या काळात ज्या पॅसेंजर नंबर बदलून एक्सप्रेस झाल्या त्या एक्सप्रेसच राहिल्या. थांबे बरेचसे तेच, डबे तेच. हे मलाही पटलेलं नाही. जे खरं ते खरं.

माई (बी-४), ८.५०
धन्यवाद नाना. हेच मी खिडकीवर विचारत होते, तर मागच्या माणसाला जागा द्या म्हणाले.

खजिनदार भाऊ (सी-१), ९.०५
हिशोबाचं बोलू का? मागच्या ट्रिपच्या शिलकीत ६०० रुपये असायला हवे होते, वहीत ९० आहेत. माईंनी तिघांची तिकिटं शिलकीतून काढली. सी विंगच्या जिजी, शेजारच्या काकू आणि ए विंगचे एक. चांगल्या मनाने केलं असेल, पण विचारायला हवं होतं. नियम सगळ्यांना सारखा.

माई (बी-४), ९.०६
भाऊ, हे इथे लिहायची गरज होती का?

माई (बी-४), ९.०७
तो मेसेज आधी काढा.

हा मेसेज डिलीट करण्यात आला

बी-११ वहिनी, ९.०९
सगळ्यांनी वाचला आता. काय हो भाऊ.

खजिनदार भाऊ (सी-१), ९.१५
मी हिशोब सांगितला. तुम्हीच दर वेळी हिशोब मागता. चुकलं असेल तर माफ करा.

सेक्रेटरी, ९.१७
कृपया शांतता राखा. हा सोसायटीचा अधिकृत ग्रुप आहे.

बापू (डी-५), ९.२०
कचोरीचे पैसे वेगळे धरले होते का त्यात? कारण मी दोनच खाल्ल्या, पैसे चारचे दिले.

मास्तर (बी-७), ९.२१
बापू, चार खाल्ल्या. मी समोर होतो.

माई (बी-४), ९.४०
सवलत होती तेव्हा एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, आज सांगते. तिकीट काढताना पर्याय असायचा, पूर्ण सवलत घ्या, अर्धी सोडा किंवा सगळी सोडा. माझं पेन्शन येतं म्हणून मी अर्धी सोडायचे. देशाचं काम आहे, आपल्याला झेपतं, असं वाटायचं. मला विचारलं असतं तर सगळी सोडली असती आणि म्हटलं असतं, ती त्या बाईला द्या जिच्या हातात स्वतःचा एक रुपयाही येत नाही. पण विचारलंच नाही. माझी आणि तिची एकदमच काढली.
मला ट्रिप महाग झाली नाही, मी जाऊ शकते. ज्यांना जाता येत नाही त्यांच्या गुडघ्यांची कारणं मी वाचते आणि मला झोप येत नाही. शिलकीतले पैसे मी आज भरते.

सी-९ ताई, ९.४२
माई 🙏

आप्पा (ए-६), ९.४३
खासदारांना निवेदन द्या. सह्या कोण घेणार?

सी-३ दादा, ९.५०
एसटीने का जात नाही आपण? ७५ च्या पुढे फुकट, ६५ ते ७५ अर्धं, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के वाढ झाली तरी अर्ध्या तिकिटात परवडते.

बी-११ वहिनी, ९.५३
हो ना, मी तर माहेरी एसटीनेच जाते आता.

मास्तर (बी-७), १०.०१
दादा, तुझं वय किती? ३४. मग ऐक. शेगाव एसटीने म्हणजे वरणगाव, मुक्ताईनगर, मलकापूर, नांदुरा करत तीन-साडेतीन तास. गाडीत संडास असतो, एसटीत नसतो. मला प्रोस्टेट आहे. सकाळपासून पाणी न पिता बसावं लागतं, चहाला नाही म्हणावं लागतं. बायका तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात आणि तिकडे पोचल्यावर चक्कर येते. मागच्या वर्षी एकीला मंदिराच्या रांगेतून उचलून आणली, आठवतं ना? म्हातारपणी प्रवास तिकिटावर ठरत नाही, संडास कुठे आहे त्यावर ठरतो. म्हणून आम्हाला गाडी पाहिजे.

सी-३ दादा, १०.०३
सॉरी मास्तर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गार्ड नाना (ए-१), १०.१०
मास्तरांचं खरं आहे. आणखी एक. संसदेच्या रेल्वे समितीने सवलतीचा सहानुभूतीने विचार करा म्हटलं, पण कुठे? निदान स्लीपर आणि थर्ड एसीत. आपण दिवसा जाऊन दिवसा येणारे, बसून जाणारे. सेकंड सीटिंगचा त्यात शब्द नाही. उद्या समितीचं जसंच्या तसं ऐकलं तरी मंगळवारच्या ट्रिपला एक रुपया मिळणार नाही.

मास्तर (बी-७), १०.१२
नाना! हे आधी का नाही बोललात? निवेदनात हेच हवं.

आप्पा (ए-६), १०.१३
मी सकाळपासून काय म्हणतोय?

माई (बी-४), १०.२०
आप्पा, तुम्हीच घ्या सह्या. मजकूर मास्तर लिहितील, आकडे नाना तपासतील. मागणी एकच ठेवा. सेकंड सीटिंगला सवलत द्या, आणि सगळे दिवस देता येत नसतील तर मंगळवार-बुधवारसारखे कमी गर्दीचे दिवस तरी द्या.

गार्ड नाना (ए-१), १०.२२
तपासतो. सही पण करतो. पास असला तरी.

बापू (डी-५), १०.२३
👍 नाना

जिजी (सी-९ च्या शेजारी), ११.०५
नातीकडून लिहून घेते आहे. सगळं वाचलं तिने मला. माई, माझे गुडघे दुखत नाहीत. पोराची दुकानातली नोकरी गेली दिवाळीला, सुनेकडे मागायला जीव होत नाही. पूर्वी डब्यातल्या चिल्लरीत माझं तिकीट निघायचं, तेव्हा कोणाला विचारावं लागत नव्हतं. तेवढंच माझं मला होतं. भाऊ, तुमच्यावर राग नाही, तुम्ही हिशोबच सांगितला. माझं वय आधार कार्डावर ७६ आहे. येताना एसटीने आलं तर मला तिकीट नाही ना?

सी-३ दादा, ११.०७
नाही जिजी, पूर्ण फुकट. फक्त आधार सोबत घ्या.

मास्तर (बी-७), ११.१५
मग असं करू. जाताना सगळे गाडीने, आरक्षण करून. येताना ज्यांना जमेल ते एसटीने. मलकापूर स्टँडवर उतरून सगळ्यांनी मोकळं होऊन घ्यायचं, मी कंडक्टरला आधीच सांगून ठेवतो. ज्यांना एसटी झेपत नाही ते नानांबरोबर गाडीने.

खजिनदार भाऊ (सी-१), ११.२०
जाण्याचं आरक्षण शिलकीतून आणि वर्गणीतून होईल. कमी पडलं तर मी घालतो, वहीत माझ्या नावाने लिहा. माई, तुम्ही काही भरू नका.

माई (बी-४), ११.२४
जिजी, लिहू का नाव?

जिजी (सी-९ च्या शेजारी), ११.३१
लिहा. डब्यात भाकरी आणि ठेचा मी आणते, २२ जणांना पुरेल एवढा.

आप्पा (ए-६), ११.३२
जिजी, संध्याकाळी सहीला येतो वर.