'रेंज' म्हणजे नेमकं काय? पल्ला की पट्टा?

प्रश्न : परवा एका कार्यक्रमात बिनतारी माईक मधूनमधून तुटत होता. साउंडवाले म्हणाले, "रेंज बदलून बघ रे." मदतनीस मुलानं रिसीव्हर उचलून मंचाजवळ नेऊन ठेवला. त्यांना म्हणायचं होतं, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर लाव. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत का? आणि बिनतारी माईक ज्यावर चालतात तो यूएचएफ (अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी) म्हणजे 'अतिउच्च'. मग २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माईक त्याच्याही वर, तर त्यांची रेंज जास्त नको का?

उत्तर : बोलण्यात 'रेंज' तीन कामं करतो. "फोनला रेंज नाही" म्हणजे सिग्नल नाही. "माईकची रेंज ५० मीटर" म्हणजे अंतर. "रेंज ५१८ ते ५४२ मेगाहर्ट्झ" म्हणजे आकड्यांची व्याप्ती. अंतरासाठी आपल्याकडे 'पल्ला' आहे. लांब पल्ल्याची गाडी, तोफेचा पल्ला. माईकलाही तो चपखल बसतो. बँडसाठी, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या अशा व्याप्तीसाठी, 'पट्टा' म्हणावं. 'पट्टी' मात्र नको. गायकासमोर "पट्टी बदल" म्हणालात तर तो काळी चारवरून काळी पाचवर जाईल!

फ्रिक्वेन्सीला विश्वकोशी शब्द 'कंप्रता', शाळेत 'वारंवारता'. 'वारंवारता' संख्याशास्त्रातही येते, म्हणून लहरींसाठी मला 'कंप्रता' आवडतो. हिंदीतला 'आवृत्ति' उचलू नये, आपल्याकडे आवृत्ती पुस्तकाची निघते.

दुसरं उत्तर : खरा घोळ 'उच्च' या शब्दानं होतो. उच्च म्हटलं की सरस असं वाटतं. इथे उच्च म्हणजे सेकंदाला जास्त कंपनं, एवढंच. रेडिओवाले पूर्वी लहरीच्या लांबीवरून नाव देत, मध्यम लहरी, लघुलहरी. त्या नावांत गोष्ट उघड दिसते, कारण कंप्रता वाढली की लहर आखूड होते. २०० मेगाहर्ट्झला ती दीड मीटर, ६०० ला ५० सेंटिमीटर, २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम साडेबारा सेंटिमीटर.

लहर आखूड तसा अँटेनाही आखूड, आणि आखूड अँटेना कमी शक्ती टिपतो. ६०० मेगाहर्ट्झवरून २.४ गिगाहर्ट्झ (२४०० मेगाहर्ट्झ) म्हणजे कंप्रता चौपट. मोकळी जागा, तेवढीच शक्ती आणि तशाच घडणीचे अँटेना धरले तर टिपलेली शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते आणि पल्ला चौथ्या हिश्श्यावर. त्यात ट्रान्समीटर, म्हणजे माईकचा सिग्नल पाठवणारी डबी, वक्त्याच्या कमरेला. वक्त्यानं रिसीव्हरकडे पाठ किंवा पोट केलं की मध्ये अख्खा माणूस येतो, आणि आखूड लहर त्याला वळसा घालू शकत नाही. शिवाय त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथची दाटी.

खाली जावं तितकं बरं, असंही नाही. २०० मेगाहर्ट्झला पाव लहरीचा अँटेना सुमारे ३७ सेंटिमीटरचा, कपड्यांत तो लपवायचा कुठे? बाहेरचा विद्युत गोंगाटही तिथे जास्त. म्हणून रंगमंचावर मधला यूएचएफ टिकून आहे. काटेकोर बोलायचं तर ३०० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झ हे सगळंच यूएचएफ, म्हणजे २.४ सुद्धा त्यातच. पण माईकवाल्यांच्या तोंडी यूएचएफ म्हणजे साधारण ४७० ते ७०० च्या आसपासचा भाग. शब्दकोशात दोन्ही अर्थ हवेत.

प्रश्नकर्ता : पण रिसीव्हर जवळ नेल्यावर आवाज सुधारला होता. त्यामुळे शब्द चुकीचा समजला गेला हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दुसरं उत्तर : सुधारणारच. त्या कंप्रतेवर दुसरं कोणीतरी बोलत असणार, जवळ नेल्यावर तुमचा सिग्नल त्याच्या वर चढला. पल्ला एकट्या माईकचा नसतोच, पट्ट्यात शेजारी कोण आहे त्यावरही तो आखडतो. कंप्रता बदलली असती तर रिसीव्हर होता तिथेच चालला असता.