मदत हवी आहे: दुकानाचा कॉम्प्युटर, तीन मोबाइल, एक भिजलेली वही आणि पासवर्ड मॅनेजर

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधलं गरजेपुरतं कळतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमची पासवर्डची एक वही होती. २०१९ च्या पुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली. २०२१ च्या जुलैत पाणी दुकानात शिरलं तेव्हा नेमकी गल्ल्याखालच्या खणात. नंतर नदीकाठच्या बुडालेल्या मोटरींचा दारात ढीग लागला, वही वाळवायला वेळ कुणाला? शाईपेनाची पानं निळी झाली, बॉलपेनाची तेवढी वाचता आली. तेव्हापासून सगळीकडे एकच पासवर्ड, फक्त शेवटचे दोन आकडे बदलतो. हे चूक आहे हे ठाऊक आहे, त्यावरून बोलणी नकोत.

गेल्या महिन्यात जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख. मी इचलकरंजीला गिऱ्हाइकाकडे, अकाउंटंटचा फोनवर फोन, आणि बायको घरून नवी वही वाचून दाखवतेय, "अहो, हा ओ आहे की शून्य?" चुकत चुकत शेवटी खातं लॉक. लेट फी दिवसाला ५० रुपये, ते परवडलं. अकाउंटंटनं सुनावलं ते परवडलं नाही.

आता पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डच्या कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचाच आहे. दुकानात विंडोजचा कॉम्प्युटर (त्यावर मी आणि कामाला असलेला पोरगा, दोघंही बसतो), घरी जुना लॅपटॉप, माझा आणि वडिलांचा अँड्रॉइड, बायकोचा आयफोन.

क्रोममध्ये सेव्ह करून पाहिलं. पण दुकानातलं क्रोम दिवसभर उघडं, जो बसेल तो माझ्या नावानं आत. मग भाच्यानं कीपासएक्ससी घालून दिलं, त्यात सगळे पासवर्ड आपल्याच कॉम्प्युटरवरच्या एका कुलूपबंद फाइलीत राहतात. ते आवडलं, पण फाइल पेनड्राइव्हनं मोबाइलवर न्यायची. दोन महिन्यांत दोन फाइली झाल्या. काही नवे पासवर्ड एकीत, काही दुसरीत. आता खरी कुठली, मलाच माहीत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. सगळ्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती मीच विसरलो तर? किंवा उद्या मला काही झालं तर बायकोनं कुणाचं दार ठोठवायचं?

---

प्रतिसाद १ – काकवी
बिटवर्डन नावाचा पासवर्ड मॅनेजर घ्या. फुकट आहे, कितीही मोबाइल-कॉम्प्युटरवर चालतं. विषय संपला.

---

प्रतिसाद २ – रंकाळा_फेरी
विषय एवढ्यात संपत नाही ओ काकवी, त्यांची भीती रास्त आहे.

दादा, मीही बिटवर्डनच सुचवीन. तिजोरी, म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड, तुमच्याच मोबाइलवर कुलूपबंद होते आणि मग त्यांच्या सर्व्हरवर जाते. मुख्य पासवर्ड त्यांच्याकडे नसतो, म्हणून विसरलात तर तेही तो काढून देऊ शकत नाहीत. सुरक्षितता आणि धोका, दोन्ही इथूनच येतात.

आता तो पासवर्ड. पाच शब्द घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि ते स्वतः सुचवू नका. माणसाला सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं. 'तांबडापांढरा' अर्ध्या कोल्हापूरचा पासवर्ड असेल. डोळे मिटून शब्दकोश उघडायचा, बोट पडेल तो शब्द. फासे टाकून शब्द निवडायला ७७७६ शब्दांच्या इंग्रजी याद्या मिळतात (एका शब्दाला पाच फासे, म्हणून ६ चा पाचवा घात), तशा यादीतले पाच शब्द पुरतात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिलेत तर स्पेलिंग एकदाच ठरवा. 'फळी'चं स्पेलिंग आज एक आणि उद्या दुसरं केलंत तर झालं कल्याण.

चोरीचं म्हणाल तर २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी नेल्या. पासवर्ड कुलपात होते, पण कुठकुठल्या साईटवर खाती आहेत ते पत्ते उघडे होते. अशा वेळी ज्याचा मुख्य पासवर्ड लेचापेचा, तोच आधी फुटतो.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोराला विंडोजचं वेगळं खातं द्या. तुमच्या ब्राउझरमधलं बिटवर्डनचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) पाच मिनिटांत आपोआप लॉक होईल असं ठेवा. याचा आणखी एक फायदा: साईटचा पत्ता जुळला तरच ते पासवर्ड भरायला पुढं येतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साईटवर ते गप्प बसलं की आपणही हात आवरायचा.

---

प्रतिसाद ३ – कात्रीबहाद्दर
कीपासएक्ससी सोडू नका असं माझं मत. फाइल आपली, आपल्याकडं. चूक पेनड्राइव्हची आहे, सॉफ्टवेअरची नाही.

तुमच्या दोन फाइली वाया गेलेल्या नाहीत. आधी दोन्हींची वेगळी प्रत काढून ठेवा. मग एक उघडून डेटाबेस मेनूमध्ये दुसरी त्यात 'मर्ज' करा, म्हणजे मिसळा. एकाच नोंदीत फरक असेल तर उशिराचा बदल धरला जातो, जुना इतिहासात राहतो. नंतर ती एकच फाइल गूगल ड्राइव्हवर. ती मोबाइलवर उघडायला अँड्रॉइडला कीपासडीएक्स, वहिनींच्या आयफोनला कीपासियम ही अॅप.

फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी बदल करायचे नाहीत, नाहीतर पुन्हा तेच.

---

प्रतिसाद ४ – धागाकर्ता
कात्रीबहाद्दर, मर्ज झालं राव! हरवलेले अकरा पासवर्ड सापडले. पण ती शेवटची अट आमच्या घरात पाळली जाणार नाही, म्हणून फाइल बाहेर काढून बिटवर्डनमध्ये घातली.

लगेच अडकलो. घरच्या लॅपटॉपवर लॉगिन करायला गेलो तर म्हणतंय, नवीन मशीन आहे, ईमेलवर कोड पाठवलाय. ईमेलचा पासवर्ड बिटवर्डनमध्ये! मोबाइलवर ईमेल चालू होता म्हणून सुटलो. मोबाइलच हरवला असता तर?

---

प्रतिसाद ५ – रंकाळा_फेरी
नेमकं दुखणं सापडलं तुम्हाला. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी सोय) चालू नसेल तर बिटवर्डन २०२५ पासून असा कोड मागतं. ईमेलचा पासवर्ड तिजोरीबाहेरही हवाच. टू-स्टेप चालू करा आणि मोबाइल हरवला तर कामी येणारा रिकव्हरी कोड उतरवून घ्या. मुख्य पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड, रिकव्हरी कोड: हे तिन्ही एका कागदावर, बॉलपेननं. पाकिटात घालून बंद करा आणि वहिनींना जागा दाखवून ठेवा. 'माझ्यानंतर काय' याचं उत्तर बरंचसं तोच कागद आहे. पैसे भरून आपत्कालीन प्रवेशाची सोय मिळते, पण आधी कागद.

फुकटातही दोघांना काही पासवर्ड सामाईक ठेवता येतात. वीजबिल, गॅस तिकडे टाका. यूपीआय पिन मात्र डोक्यातच असू दे.

आणि बाहेर काढलेली ती फाइल पुसली का? सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाइल असेल तर नोटपॅडमध्येसुद्धा सगळे पासवर्ड उघडे दिसतात.

---

प्रतिसाद ६ – धागाकर्ता
डेस्कटॉपवरच होती. पुसली, रिसायकल बिनमधूनही.

कागद लिहिला. दोन प्रती. एक घरी वरच्या मजल्यावर, दुसरी सासरवाडीला गडहिंग्लजला, कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात. शाहूपुरीत ठेवायची आता हिंमत नाही. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, ह्यात काय आहे? म्हटलं, किल्ली आहे. त्यांनी पाकीट दोनदा हलवून बघितलं.

आता वडिलांच्या मोबाइलवर बसवायचं आहे. ते म्हणतात, मला पासवर्ड लागतच नाही, मी तुलाच फोन करतो. यावर कुणाकडे काही असेल तर सांगा.