हळदीच्या डीजेनं फर्माईश घ्यावी का?

सबवूफर_उरण
उरण-पनवेल पट्ट्यात हळदीच्या सुपाऱ्या घेतो. माझं मत: रात्री नऊपर्यंत डीजेनं एकही फर्माईश घेऊ नये. मांडवात आधी नाचायला हव्यात आत्या, मावश्या, करवल्या. पोरं काय, नाचतातच. म्हणून मी जुन्या कोळीगीतांनी सुरुवात करतो, आवाज मुद्दाम कमी ठेवून. सगळी हिट गाणी सातलाच वाजवली तर साडेआठला हातात काय उरणार?

दुसरं, रिमिक्स. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा, त्याचा झोका तिथूनच येतो. बाजारातली बरीच रिमिक्स तो ठेका मोडून गाणं सरळ चार मात्रांत कोंबतात. मग पाय आपटता येतात, कंबर हलत नाही. मी मिनिटाला १२४ ठोक्यांचा हाउस ट्रॅक (सरळ ठोक्यांचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) चालू असताना त्याच किकवर, म्हणजे ढोलाच्या ठोक्यावर, कोळीगीत आणतो. ठोका तोच राहतो, फक्त आत दोनाऐवजी तीनची विभागणी येते. नाच आपोआप बदलतो!

आवडता माणूस विचाराल तर चरणजित सिंग, मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) यांवर राग बसवून अख्खी तबकडी काढली. त्याच बेस यंत्राच्या आवाजावर उभ्या राहिलेल्या शिकागोच्या अॅसिड हाउसच्या तबकड्या १९८७ च्या आसपास आल्या. आपल्या डीजे पोरांना हे नाव माहीत नसतं, याचा राग येतो.

बिदागी_आधी
ज्याचा पैसा त्याचं गाणं. नवरदेवाच्या मित्रांनी वर्गणी काढून तुम्हाला आणलं, ते तुमची विभागणी ऐकायला नाही. आणि ती तबकडी तेव्हा खपलीच नव्हती. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा कौतुक सुरू झालं. इथं कोण नाचलं त्यावर?

सबवूफर_उरण
कोणी नाही. मीही हळदीत ती लावत नाही, वेडा नाही मी. पण त्याच यंत्रांवर पुढे सगळं जग नाचलं, एवढं तरी माना.

मांडवातली_काकी
तुमचं दोघांचं चालू द्या, पण आमच्या धवलारणीचं काय? हळद लावताना ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. तिला माईक नको, फक्त आजूबाजूचा गोंगाट थांबायला हवा. आमच्याकडच्या लग्नात ऐन त्या वेळी 'चेक, चेक' चालू होतं. बाई दोन ओळी गाऊन गप्प बसली. करवल्या नाचल्या पाहिजेत म्हणता ना? त्यांना ही गाणी पाठ असतात. सुपारी ठरवताना हळद किती वाजता लागणार हे विचारता का तुम्ही?

सबवूफर_उरण
काकी, वेळ विचारतो. सांगतात सहा, लागते आठला. पण धवले चालू असताना मिक्सर बंदच हवा, यात वाद नाही.

तिसरा_मजला
'आवाज कमी' म्हणजे किती? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या १५ दिवसांपर्यंतची बारा वाजेपर्यंतची सवलत सणासमारंभांसाठी, तुमच्या चुलतभावाच्या हळदीसाठी नाही.

बिदागी_आधी
५५ मध्ये बेंजो पार्टीसुद्धा बसत नाही. ढोलताशा चालतो, नेमका डीजेच खुपतो?

तिसरा_मजला
ताशा खिडकी लावली की बराच कमी होतो. तुमचा बेस भिंतीतून येतो, कपाटाची काच वाजते. फरक आहे.

सबवूफर_उरण
हे बरोबर आहे. बेसचा आवाज सगळीकडे पसरतो, सबचं (सबवूफर, बेसचा स्पीकर) तोंड मांडवाकडे वळवून काही होत नाही. तीन सब असतील तर एक उलटा ठेवायचा, त्याची पोलॅरिटी फिरवायची, म्हणजे सिग्नल उलटा करायचा, आणि मोजून डिले (किंचित उशीर) द्यायचा. मागच्या घरांकडे जाणारा बेस बराच घटतो. पण स्पीकरची भिंत मोठी दिसली पाहिजे या हट्टापायी आमचेच ऑपरेटर हे करत नाहीत. गिऱ्हाईकही सब मोजून पैसे देतं.

बिदागी_आधी
सब उलटा ठेवा नाहीतर सुलटा. साडेआठला नवरदेवाचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन आला, तर 'नऊला ये' म्हणणार?

सबवूफर_उरण
म्हणणार. पेनड्राइव्ह मात्र ठेवून घेणार, नाहीतर तो जनरेटरवाल्याला पटवून माझी लाईनच काढायला लावेल.

मांडवातली_काकी
हळद आठला लागते म्हणालात. म्हणजे भाऊ येईल तेव्हा मिक्सर बंदच असेल ना?