मोगऱ्याला पानंच पानं, जास्वंदीच्या कळ्या गळतात (गुहागर, पुळणीची माती)

परसातली_फुलं
घर समुद्रापासून साधारण २५० मीटरवर, माती पुळणीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूची. शिमगा तोंडावर आलाय आणि बागेची अवस्था अशी:
चार बटमोगरे (दोन जमिनीत, दोन १२ इंची कुंडीत) हिरवेगार आहेत, पण कळी नाही. थंडीत छाटणी झालेली नाही. दर आठवड्याला शेणाची रबडी आणि चुलीतली राख घालते.
जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. शेंड्यांवर पांढरा कापूस, मुंग्यांची रांग.
अनंताची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
शिवाय जवळजवळ सगळ्याच झाडांच्या जुन्या पानांच्या कडा करपल्यात. पाणी विहिरीचं, रोज संध्याकाळी थोडं थोडं. अबोली आणि सदाफुली मात्र मजेत आहेत. सुरुवात कुठून करू?

चैत्रपालवी
मोगऱ्याचं आधी सांगतो, कारण त्याची वेळ निघून चाललीय. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला. जुनी काडी नुसती पानं काढत बसते, त्यात रबडीतलं नत्र मिळालं की विचारायलाच नको. छाटणी डिसेंबर-जानेवारीत झाली असती तर बरं, पण अजून हलकी छाटणी चालेल.

पाणी तोडा. जांभ्याच्या मातीत आठ-दहा दिवस तोडतात. तुमच्या पुळणीत चार-पाच दिवस पुरे, कुंडीत त्याहून कमी. पानं जराशी मलूल दिसली की वरचा एक तृतीयांश भाग कापा. आतल्या बारीक, एकमेकींत अडकलेल्या आणि वाळक्या काड्या बुडापासून काढा. उरलेल्या काड्यांवरची जून पानंही ओरबाडून टाका. झाड भुंडं दिसेल, दिसू दे. मग दोन इंच माती उकरून प्रत्येक कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड, एक चमचा हाडांचा चुरा, आणि भरपूर पाणी. जमिनीतल्या झाडाला याच्या तिप्पट. रबडी बंद. पाच-सहा आठवड्यांत कळी दिसायला हवी, मात्र ऊन किमान पाच तास पाहिजे. बहर ओसरला की फुलाखालच्या दोन पेरांवर पुन्हा खुडत राहा, म्हणजे पावसापर्यंत दुसरा बहर मिळतो. कळ्या जांभळट होऊन जाळ्यात गुंतलेल्या दिसल्या तर आत अळी असते, त्या लगेच तोडून नष्ट करा.

बुडाशी नारळाची सोडणं उलटी रचा, ओल टिकेल.

गडग्यापलीकडे
छाटणीशी सहमत. पण सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घातलेली असतील तर ती मीठच सोडतील. साधी सुकी सोडणंही दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून मगच वापरा. त्यापेक्षा आंब्या-फणसाचा पातेरा (गळलेली सुकी पानं) बरा.

खरं दुखणं पाण्याचं वाटतंय. जुन्या पानांची फक्त कडा करपते, मधलं पान हिरवं राहतं, ही मुळातून आलेल्या मिठाची खूण. खाऱ्या वाऱ्याने जळलेलं झाड वेगळं दिसतं, ते समुद्राकडच्या बाजूनेच करपतं. फाल्गुन-चैत्रात विहिरीची पातळी उतरते आणि किनाऱ्यालगत खारं पाणी आत सरकतं. त्यातून रोज थोडं शिंपण म्हणजे पाणी उडून जातं, मीठ तिथेच साठतं. एक दिवसाआड द्या, पण कुंडीच्या भोकातून खाली वाहीपर्यंत. महिन्यातून एकदा कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओता, मीठ धुऊन निघेल.

राख बंद करा. पुळणीत शिंपल्यांचा चुना असतोच, राखेने माती आणखी अल्कधर्मी होते. अनंत त्यापायीच पिवळा पडलाय: लोह मातीत असलं तरी त्याला उचलता येत नाही. खात्री करायची तर चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना आहे. सुक्या मासळीचं धुवणही कुणी सांगितलं तरी घालू नका. पालाशसाठी (पोटॅशियमसाठी) सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं.

कळीकाढी
जास्वंदीची गळलेली पिवळी कळी नखाने उभी फोडून बघा. आत वळवळणाऱ्या बारीक पांढुरक्या अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. ती कोषात जाते मातीत, म्हणून पडलेल्या कळ्या रोज वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, खताच्या खड्ड्यात नाही. अळी नसेल तर कधी कोरडं कधी ओलं, हे कारण धरा.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्त लागलेले शेंडे कापा. उरलेल्यावर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली भांड्यांचा पातळ साबण, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून आणि पेरांत. आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्या राहिल्या तर ढेकूण परत येणारच, त्यांची वाट आधी तोडा.

परसातली_फुलं
व्हिनेगर टाकल्यावर माती चांगलीच फसफसली. कळीत अळ्या आहेत. शेजाऱ्यांकडच्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं ते) विहिरीचं पाणी ११५०, नळाचं १४०. नळ एक दिवसाआड येतो, सगळ्या बागेला पुरणार नाही.

गडग्यापलीकडे
मग सगळ्यांना सारखं पाणी देऊच नका. अनंत आणि कुंडीतले मोगरे यांना दोन भाग नळाचं, एक भाग विहिरीचं. ते ४७७ च्या आसपास येतं, चालेल. सदाफुली, कण्हेर, बोगनवेल असेल तर ती विहिरीच्याच पाण्यावर राहू दे. अबोली अजून ठीक दिसते, पण कडा तपकिरी व्हायला लागली की तिलाही मिश्र पाण्यावर घ्या.

अनंत जमिनीत असेल तर पहिल्या पावसानंतर उचलून कुंडीत लावा. दोन भाग जांभ्याची तांबडी माती, एक भाग शेणखत, एक भाग कुजलेला पातेरा. आत्ता उन्हात मुळं हलवू नका. तोवर लिटरला २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, पंधरा दिवसांनी एकदा पानांवर फवारा. मातीत घातलेला हिराकस चुन्यात वाया जातो. लादीवर पडला तर गंजाचे डाग जात नाहीत, झाड कुंडीत असेल तर कुंडी अंगणात नेऊन फवारा.

चैत्रपालवी
सोडणांचं मान्य. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, चुडतांचा झाप (माडाच्या झावळ्यांचा आडोसा) उभा करा, पण गच्च नको. भिंतीसारखा आडोसा केला की वारा वरून येऊन पलीकडे भोवरा धरतो. फटी राहिल्या की वाऱ्याचा जोर मोडतो. आणि खारा वारा जोरात असेल त्या दिवसानंतर सकाळी मोगऱ्याच्या पानांवरून नळाच्या पाण्याचा एक हात फिरवा, फुटलेल्या कोवळ्या शेंड्यांना तेवढंही पुरतं.