शब्दचर्चा : ‘मनकवडं यंत्र’ म्हटलं तर चालेल का?

विचारणा

मेंदूतल्या संकेतांवरून मजकूर तयार करणाऱ्या यंत्रांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस’साठी ‘मेंदू-संगणक दुवा’ घेतला, तो वाचताना खटकत नाही. अडलंय दुसरीकडे. मूळ लेखात पानोपानी ‘माइंड रीडिंग’ येतं. ‘मनोवाचन’ लिहिलं तर भविष्य सांगणाऱ्याची जाहिरात वाटते. ‘मनकवडं यंत्र’ सुचलं, मला फार आवडलं, पण संपादकांनी त्यावर लाल खूण केली आहे. शिवाय ‘मेंटल प्रायव्हसी’ला मानसिक गोपनीयता म्हणू की मनाचा खासगीपणा? दोन्हींत फरक आहे असं वाटतं, पण नेमका सांगता येत नाही.

उत्तर

संपादकांची खूण बरोबर आहे. ‘मनकवडा’ नको, आणि तो सुंदर शब्द आहे म्हणूनच नको. न सांगता ज्याला आपलं कळतं त्याला आपण मनकवडा म्हणतो. ‘तू अगदी मनकवडी आहेस गं’ हे मायेनं म्हणायचं वाक्य आहे, पाळत ठेवणाऱ्याला ते कोणी म्हणत नाही. हा शब्द यंत्राला चिकटवला की वाचक दोन गोष्टी न बोलता मान्य करून बसतो. एक, यंत्राला न सांगता कळतं. दोन, ते कळणं आपल्या भल्याचंच आहे. यातली पहिली गोष्ट आजच्या बहुतेक यंत्रांबाबत खरी नाही आणि दुसरी कोणाच्या हातात काय जातं यावर अवलंबून आहे.

ही यंत्रं काय टिपतात ते आधी बघा. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मानेखाली लुळ्या पडलेल्या एका गृहस्थांना सांगितलं, हातात पेन आहे असं समजा आणि अक्षरं गिरवा. हात जागचा हलत नव्हता. पण मेंदूचा जो भाग हाताला हुकूम सोडतो, तिथे बसवलेल्या बारीक इलेक्ट्रोडना ते गिरवणं समजत होतं. मिनिटाला ९० अक्षरं पडद्यावर उमटली. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने एएलएसमुळे (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा मज्जातंतूंचा आजार) वाचा गेलेल्या एका माणसाबरोबर काम केलं. ओठ, जीभ, जबडा हलवण्याची त्याची धडपड मेंदूतून टिपली आणि सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून त्याची वाक्यं ९७.५ टक्के अचूक उतरवली. आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या, त्याच्या स्वतःच्या आवाजासारख्या आवाजात ती ऐकू आली.

यात ‘मन वाचणं’ कुठेच नाही. माणूस बोलायला निघालाय, फक्त वाट बंद आहे. मराठीत यासाठी ‘पाहणे’ हे सहायक क्रियापद आयतं आहे: तो बोलू पाहतो, लिहू पाहतो. यंत्र ते ‘बोलू पाहणं’ टिपतं. लेखात ‘बोलू पाहणाऱ्याचे शब्द उतरवणारं यंत्र’ असं लिहा, लांब झालं तरी चालेल. इंग्रजीतलं ‘अटेम्प्टेड स्पीच’ त्यात पुरतं मावतं, आणि प्रयत्न करणारा माणूसही डोळ्यांसमोर राहतो.

आता जरा मागे जाते, कारण आपल्याकडे वाणीच्या पायऱ्या मोजून ठेवलेल्या आहेत. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडलेली. तिच्या आतली मध्यमा, जिच्यात शब्द जुळलेले असतात पण उच्चार झालेला नसतो. तिच्याही आतली पश्यंती, जिथे अर्थ आहे पण शब्दांची रांग लागलेली नाही. (परा चौथी; तिला या चर्चेत ओढत नाही.) वरची दोन्ही यंत्रं वैखरीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. खासगीपणाचा खरा प्रश्न सुरू होतो तो उंबरठ्याच्या आत, मध्यमेपाशी.

तिथवर मजल २०२५ मध्ये गेली. स्टॅनफर्डच्याच गटाने चार जणांना वाक्यं नुसती मनातल्या मनात म्हणायला सांगितली, आणि तीसुद्धा बऱ्याच अंशी उकलता आली. याच प्रयोगातला एक भाग मला विलक्षण वाटतो. समोर रंगीत आकृत्या ठेवून त्यांतली गुलाबी वर्तुळं मोजायला सांगितलं. ‘आकडे मनात म्हणा’ असं कोणीच सांगितलेलं नव्हतं. तरीही मोजताना माणूस मनात एक, दोन, तीन म्हणतोच, आणि त्या आकड्यांच्या खुणा संकेतांत सापडल्या.

‘मनात म्हणणे’ आणि ‘मनात येणे’ यांत मराठीने जो फरक केलाय तो इथे फार मोलाचा आहे. म्हणायला लागतो कर्ता: मी मनात म्हणते. येण्याला मी कर्ता नाही: माझ्या मनात येतं. आणखी पुढे ‘मनात आणणे’ आहे, म्हणजे ठरवणं. ‘मनात ठेवणे’ आहे, म्हणजे न सांगण्याचं ठरवणं. ही चार क्रियापदं लेखात नीट वापरलीत तर संमतीचा सगळा प्रश्न वाचकाला तळटीप न देता कळेल. मी बोलू पाहिलं ते उतरवा. मी मनात म्हटलं ते मी सांगेन तेव्हाच उतरवा. जे नुसतं मनात आलं त्याला हात लावू नका. त्या संशोधकांनी यासाठी एक कुलूपही करून पाहिलं: ठरलेला शब्दसमूह आधी मनात म्हटला तरच उकल सुरू होते. तो ओळखण्यात यंत्र ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरलं. याला ‘मनातला परवलीचा शब्द’ म्हणा, ‘पासवर्ड’पेक्षा इथे परवलच शोभते.

‘रीडिंग’साठी ‘उकल’ सुचवते. वाचन म्हटलं की आत मजकूर लिहून ठेवलाय आणि कोणी तो जसाच्या तसा वाचला असं वाटतं. तसं घडत नाही. संकेतांवरून अंदाज बांधला जातो आणि भाषेचं प्रारूप, म्हणजे पुढचा शब्द ताडायला शिकलेली संगणकप्रणाली, त्यातल्या रिकाम्या जागा भरतं. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने शस्त्रक्रियेशिवाय, एफएमआरआयच्या यंत्रात (मेंदूतला रक्तप्रवाह बाहेरून टिपणाऱ्या) माणसाला झोपवून, ऐकलेल्या गोष्टीचा आशय उकलला. ‘माझ्याकडे अजून गाडी चालवायचा परवाना नाही’ या आशयाचं वाक्य कानावर पडलं, आणि यंत्राने लिहिलं की तिने अजून गाडी शिकायला सुरुवातही केलेली नाही. आशय जवळपास तोच, पण ‘मी’ची ‘ती’ झाली. असा कागद कोणी ‘याच्या मनात हे होतं’ म्हणून पुढे ठेवला, तर सर्वनामाची ही एवढीशी चूक एखाद्याला बुडवू शकते.

शंका

पण याच ऑस्टिनच्या प्रयोगात प्रत्येकाला सोळा तास यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर शिकवलेलं यंत्र दुसऱ्यावर चाललं नाही. मनात सातासातांनी मोजलं किंवा प्राण्यांची नावं घेतली तरी उकल फसली. मग खासगीपणाची इतकी काळजी आत्ताच कशाला? आणि सरळ ‘प्रायव्हसी’ लिहिलं तर काय बिघडतं?

उत्तर

मुद्दे खरे आहेत आणि ते लेखात यायलाच हवेत, नाहीतर लोक उगाच धास्तावतील. पण संकेत साठवता येतात. आज घेतलेला लहरींचा आलेख आज मुका असेल, तो उद्याच्या यंत्रापुढेही मुकाच राहील असं नाही. मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या, डोक्यावर चढवायच्या पट्ट्या बाजारात आहेत. त्यांतून वाक्यं निघत नाहीत, पण झोप, थकवा, लक्ष यांचा माग लागतो, आणि तो कंपनीकडे जमा होतो. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या हालचालींना आणि त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संविधानात संरक्षण दिलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशीच पट्टी विकणाऱ्या एका कंपनीला एका माजी सिनेटरांच्या मेंदूची माहिती पुसून टाकायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशी माहिती संवेदनशील माहितीत घातली.

शब्दाचं म्हणाल तर ‘प्रायव्हसी’ रोजच्या बोलण्यात चालेल, पण लेखात दोन्ही मराठी शब्द ठेवा, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. गोपनीय असतो तो अहवाल, कागद, माहिती. कोणीतरी ती आधीच जमा केलेली असते आणि आता जपायची असते. खासगीपणा माणसाचा असतो, काहीही जमा व्हायच्या आधीपासून. तेव्हा ‘मेंदूच्या माहितीची गोपनीयता’ आणि ‘मनाचा खासगीपणा’. नुसतं ‘मानसिक गोपनीयता’ लिहिलंत तर माहिती घ्यायची हे ठरलंच आहे, फक्त कुलूप कोणतं लावायचं तेवढं उरलं, असा अर्थ निघतो. या क्रमाला माझी हरकत आहे.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. बाबांची वाचा गेल्यावर आम्ही अक्षरांचा तक्ता केला होता. मी व्यंजनांवरून बोट फिरवायची, हव्या अक्षरावर ते पापणी मिटायचे, मग काना, मात्रा, वेलांटी. एकदा ‘पा’ झाला आणि मी लगेच म्हटलं, पाणी? त्यांनी डोळे गच्च मिटून धरले, म्हणजे नाही. मी पुन्हा पाणीच म्हटलं. ‘ठ’पर्यंत जायला आणखी बराच वेळ लागला. त्यांना पाठ वळवून हवी होती. माझा अंदाज प्रेमातूनच आलेला होता, तरी वाक्य त्यांचं नव्हतं. असं यंत्र त्यांना मिळालं असतं तर मी धावत जाऊन आणलं असतं. पण पडद्यावर वाक्य उमटल्यावर ते ‘माझं आहे’ की ‘नाही’ हे सांगायची जागा त्यात आहे का, हे मी आधी बघितलं असतं.

आणखी एक शब्द जपून वापरा: ‘मनोगत’. व्युत्पत्तीने मनात असलेलं ते मनोगत, पण वापरात मनोगत नेहमी व्यक्त केलं जातं, स्वतःहून. यंत्राने परस्पर काढलेल्या मजकुराला मनोगत म्हणू नका. आणि ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण लेखात कुठे बसली तर जरूर बसवा. काळजीपोटी मनात काय काय येऊन जातं, त्यातलं एकही आपण मनात आणलेलं नसतं.

विचारणा करणारीकडून

खूप आभार. ‘मनकवडं’ काढलं. मथळा आता असा आहे: ‘बोलू पाहणाऱ्यांना शब्द मिळाले, मनात ठेवलेल्या शब्दांचं काय?’ आत ‘उकल’ आणि ‘परवलीचा शब्द’ घेतलेत, खासगीपणा आणि गोपनीयता आपापल्या जागी. ‘डिकोडर’ला ‘उकलयंत्र’ करून पाहिलं, पहिल्या दोन परिच्छेदांत तरी अडखळलं नाही.