मदत हवी आहे: लाल घेऊ की चांदीचा? आज रात्री साडेआठच्या आत सांगा

गोंधळ_नागपुरी | शनिवार, दुपारी ३:४०
मंडळी, लवकर सांगा. भाऊ तिकडे दुकानासमोर उभा आहे. लाल घेऊ की चांदीचा? लाल स्वस्त आहे, चांदीचा दिसायला भारी. लांबीला दोन्ही सारखेच वाटून राहिले. भावाला यातलं काही कळत नाही आणि तो माझ्यावर वैतागला आहे. दुकान आपल्या साडेआठला बंद होतं, उद्या रविवार म्हणजे तिकडे सगळाच शुकशुकाट, सोमवारी त्याचं विमान. रोजच्या वापराला पाहिजे. धन्यवाद.

तर्री_एक्स्ट्रा | ३:४६
काय लाल अन् काय चांदीचा? सायकल? मोबाइल? वहिनीसाठी पैंजण पाहून राहिला का बाप्पा?

गोंधळ_नागपुरी | ३:४८
अरे चाकू! मिटवायचा, खिशात ठेवायचा. स्विस. वर लिहिलंय ना.
(नाही लिहिलं. सॉरी.)

धंतोलीकर | ३:५५
मॉडेल कोणतं ते सांगा. नुसतं "लाल" म्हटलं तर त्यांचे निम्मे चाकू लालच असतात. खोक्यावर नाव असतं, भावाला फोटो काढायला सांगा. आणि रोजचा वापर म्हणजे नेमकं काय?

गोंधळ_नागपुरी | ४:०२
रोजचा म्हणजे रोजचा! सगळ्याला लागतो तसा. कंपनी व्हिक्टोरिनॉक्स. लाल तो स्पार्टन, चांदीचा तो पायोनिअर. आता सांगा पटकन.

हिंगणा_शिफ्ट | ४:१०
पायोनिअर. डोळे मिटून घे. माझ्याकडे आधी लाल होता. किल्ल्यांबरोबर खिशात राहून सहा महिन्यांत त्याच्या प्लास्टिकच्या बाजू ओरखड्यांनी पांढऱ्या पडल्या, मग एकदा शेडच्या फरशीवर पडला आणि एक बाजू उडूनच गेली. पायोनिअरच्या बाजू ॲल्युमिनियमच्या, बारीक चौकडीच्या नक्षीच्या, थेट रिव्हेट मारून बसवलेल्या. पडला तर टवका जाईल, बाजू निघणार नाही. घामाच्या हातातही सटकत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात हात कोरडा कोणाचा असतो? पातंही लालपेक्षा थोडं जाड आहे.

धंतोलीकर | ४:१८
उडाली तर नवी बसवायची! लालच्या बाजू दाबून बसतात, नवी जोडी मिळते, दोन मिनिटांचं काम. तुमच्या रिव्हेटवाल्याला टवका गेला की जन्मभराचा. शिवाय ॲल्युमिनियमच्या मुठीत चिमटा आणि दातकोरणं नसतं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

काटोलचा_बाग | ४:२४
चिमट्याला हसू नका. धुऱ्यावरची बाभूळ पायात मोडली की कळतं. काटा अर्धा आत, अर्धा बाहेर, नखानं धरायला गेलं की आणखी आत जातो. लाल चाकूच्या शेपटाकडे राखाडी टोक दिसतं तोच चिमटा, नखानं ओढला की बाहेर. माझ्या चाकूची धार दोन वर्षं लावली नाही, पण चिमटा आठवड्यातून दोनदा निघतो.
बाकी तुम्हाला खरं तर कलमाचा चाकू घ्यायला पाहिजे. एकाच बाजूनं धार असते, त्यामुळे जंबेरीच्या खुंटावर साल सपाट कापली जाते आणि डोळा नीट चिकटतो. मागच्या जिभलीनं साल उचलायची. धार दोन्हीकडून असली तर काप मधे फुगीर येतो, मग डोळा आणि खुंट यात हवा राहते आणि डोळा वाळतो.

गोंधळ_नागपुरी | ४:२७
काका, मी कलमं करत नाही.

काटोलचा_बाग | ४:२९
शिकून घ्या.

मुक्काम_पोस्ट_पुणे | ४:३५
दोन्ही घेऊ नका. फ्रान्सचा ओपिनेल, ८ नंबर. साडेआठ सेंटीमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, मानेवर फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं अडकतं, बोटावर मिटत नाही. १८९० पासून आकार फारसा बदललेला नाही, कडी १९५५ ची. कापायला याच्या जवळपास स्विस चाकू पोचत नाही, कारण पातं पातळ आहे. आणि कार्बन पोलादाचाच घ्या, स्टेनलेस म्हणजे तडजोड.

काटोलचा_बाग | ४:४१
कार्बनवाल्यानं संत्रं कापून दाखवा. माझ्या जावयानं आणला होता. मृग बहाराची फळं आली तेव्हा सकाळी चार संत्री चिरली, दुपारपर्यंत पातं निळं-काळं, आणि फोडीला जुन्या नाण्याची चव. आंबट रस लोखंडाला खातोच.

मुक्काम_पोस्ट_पुणे | ४:४४
तो काळपटपणा गंज नव्हे, उलट पुढच्या गंजापासून तो राखतो. फक्त पुसून ठेवायला हवं. आमच्याकडे असं शिकवतात.

तर्री_एक्स्ट्रा | ४:४५
झालं, पुणं आलं.

हिंगणा_शिफ्ट | ४:५२
ओपिनेलचं आणखी एक. जुलैत आमच्याकडे हवा ओली झाली की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. शेवटच्या पावसात एकाचा चाकू आम्ही तिघांनी मिळून उघडला. मूठ आधी जवसाच्या तेलात मुरवली तर बरं असतं असं म्हणतात, पण खिशातल्या चाकूला तेल पाजायला वेळ कोणाकडे आहे?

जुनी_वही | ५:०५
स्विस चाकूला लोक सरसकट "आर्मीचा चाकू" म्हणतात म्हणून सांगतो. लाल चाकू स्विस सैन्याने कधी दिलाच नाही. १८९७ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी तो "ऑफिसरचा चाकू" म्हणून नोंदवला, पण सैन्याने घेतला नाही, अधिकारी स्वखर्चाने विकत घ्यायचे. सैनिकांच्या चाकूचं काम एल्सेनरांना १८९१ मध्ये मिळालं, त्याआधीची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली होती. ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू मात्र १९६१ पासून खरोखर सैनिकांकडे होता, पायोनिअर त्याच घराण्यातला. २००९ पासून त्यांना १११ मिलिमीटरचा, एका हाताने उघडणारा, लॉकवाला मिळतो. कंपनीच्या नावातला "व्हिक्टोरिया" एल्सेनरांच्या आईचा आणि "इनॉक्स" स्टेनलेसचा.

गोंधळ_नागपुरी | ५:०९
सर, छान माहिती. पण घेऊ कोणता?

जुनी_वही | ५:११
ते मला माहीत नाही. मी चाकू वापरत नाही.

बर्डी_ते_महाल | ५:२०
आधी पोलिसांचं बघा. खिशात चाकू ठेवून बर्डीवर फिराल आणि अडकाल.

धंतोलीकर | ५:२६
अर्धवट सांगू नका. परवान्याची भानगड आहे ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळली आहेत. या दोन्हींचं पातं तीन इंचही नाही. मात्र सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश निघतो, तेव्हा चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. त्या दिवसांत घरी ठेवा. मिरवणुकीत चाकूचं कामही काय?

तर्री_एक्स्ट्रा | ५:३१
मले एवढंच सांगा, सुपारी कातरता येते का यानं? खर्ऱ्यासाठी.

हिंगणा_शिफ्ट | ५:३३
नाही. पात्याची धार तुटेल. आजीचा अडकित्ता शोध. आणि खर्रा सोड.

सौ_सुगरण | ५:४०
विषय वाचला नव्हता, चाकूचा दिसला म्हणून आले. कोथिंबीर चिरायला पातळ सुरी कुठे मिळेल? इतवारीत पाहिल्या त्या सगळ्या दातेरी.

धंतोलीकर | ५:४६
ताई, वेगळा धागा काढा. गोंधळभाऊ, तुम्ही अजून सांगितलं नाही, रोज काय कापता?

गोंधळ_नागपुरी | ५:५८
साईटवर होतो. मी सीसीटीव्ही लावतो. दिवसाला चार-पाच ठिकाणं. खोकी उघडायची, केबलची साल काढायची, झिपटाय कापायचे, कॅमेऱ्याचे आणि बॉक्सचे स्क्रू. दुपारी संत्रं. शिडीवर टूलबॅग नेता येत नाही म्हणून खिशातला पाहिजे. मला वाटलं हे कळलंच असेल.

धंतोलीकर | ६:०३
कसं कळणार!! अडीच तास झाले.
मग दोन्ही रद्द. तुमचे स्क्रू बहुतेक चौफुलीचे, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या खाचेचे असणार. स्पार्टनला चौफुलीचा पेचकस नाही, त्या जागी कॉर्कस्क्रू आहे, बुचाची बाटली उघडायचा. पायोनिअरलाही नाही. डबा उघडायच्या हत्याराचं टोक चौफुलीत बसतं, पण ते तात्पुरतं. टिंकर मागवा. तोच लाल, तीच ९१ मिलिमीटर लांबी, कॉर्कस्क्रूच्या जागी चौफुलीचा पेचकस. चिमटाही आहे.

हिंगणा_शिफ्ट | ६:१०
चौफुलीचा पेचकस चाकूच्या पाठीवर मध्यभागी असतो. उघडला की चाकूचा इंग्रजी टी होतो. भिंतीच्या कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये तो टी फिरत नाही, मूठ भिंतीला आपटते. पायोनिअरचं सपाट टोक मात्र सरळ रेषेत येतं. मी अजून पायोनिअरच म्हणतो. वायर सोलायची खाच दोन्हीत आहे, बाटली उघडायच्या हत्याराच्या बुडाशी.
एक मात्र नीट ऐक. या तिन्हींचं पातं लॉक होत नाही. मी एकदा जाड केबलवर टोक रोवून दाबलं. टोक अडकलं, मूठ पुढे गेली, पातं मागं आलं. तर्जनीला तीन टाके, आणि त्या पेऱ्याच्या कडेला अजून बधिर आहे. शिडीवर टोचायचं नाही, ओढून कापायचं. साल काढताना गोल हलकी रेघ मारायची आणि केबल वाकवायची, साल आपोआप फाटते.

मुक्काम_पोस्ट_पुणे | ६:१४
म्हणूनच मी लॉकवाला सांगत होतो.

हिंगणा_शिफ्ट | ६:१६
तुमच्या लॉकवाल्याला पेचकस आहे का?

गोंधळ_नागपुरी | ६:२२
ठीक. टिंकर आहे का ते विचारायला सांगितलं. धार कुठे लावायची? इतवारीत चाकवाला बसतो, चालेल?

काटोलचा_बाग | ६:३०
चाकावर देऊ नका. ठिणग्या उडाल्या म्हणजे पातं तापलं, आणि तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग रोज धार लावा, संध्याकाळी बोथट. घरी चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाला कड असते, तिथे चकाकी नसते, हात लावला की खरखर लागते. त्यावर पात्याची पाठ एकावर एक दोन-तीन नाणी मावतील एवढीच वर उचलून पातं ओढायचं, दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा. टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की थांबायचं.

सौ_सुगरण | ६:४१
माझी सुरी आत्ता लावून पाहिली कपावर. काम झालं हो काका!
गोंधळभाऊ, भावाची बॅग चेक-इनची आहे ना? हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही.

गोंधळ_नागपुरी | ६:५५
…
फोन केला. त्याच्याकडे फक्त केबिन बॅग आहे. सात किलो.

तर्री_एक्स्ट्रा | ६:५६
😂😂😂

धंतोलीकर | ७:०४
युरोपात ६ सेंटीमीटरपर्यंतचं पातं हातातल्या बॅगेत चालतं, टिंकरचं त्याहून लांब आहे. आणि मधे दोहा किंवा दुबईला परत तपासणी. धोका नको. बॅग चेक-इन करायला काय घेतात?

गोंधळ_नागपुरी | ७:१२
चाकूपेक्षा जास्त. भाऊ आता फोनच उचलून नाही राहिला.

हिंगणा_शिफ्ट | ७:१५
त्याच्यासोबत ऑफिसचं कोणी येऊन राहिलं असेल ना? त्यांच्या बॅगेत टाकायला सांग.

काटोलचा_बाग | ७:२०
दुसऱ्याच्या बॅगेत टाकलं तर त्यांना सांगून टाका. नाहीतर मुंबईत उतरून त्यांच्यासोबत जाईल.

गोंधळ_नागपुरी | रात्री ८:३४
झालं. टिंकर नव्हता. भावानं शेवटी स्पार्टनच घेतला, कारण दुकानदार त्यावर नाव फुकट कोरून देत होता. सोबतच्या सहकाऱ्याच्या मोठ्या बॅगेत जाणार, तो मुंबईहून कुरिअर करेल. आत्ता फोटो आला. "नागपूर" कोरायला सांगितलं होतं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळलंय.

तर्री_एक्स्ट्रा | ८:३६
कोणतं अक्षर?

गोंधळ_नागपुरी | ८:३७
जी.

सौ_सुगरण | ८:४०
कॉर्कस्क्रू कामाला येईल. आमच्याकडे मधाच्या बाटलीचं बूच आत गेलंय.