स्टीव्ह अर्लचे अल्बम क्रमाने लावायचे तर पहिला कुठला?

रात्रीचा_रेडिओ
लोक्स, जरा भांडण लावतोय. गेले तीन महिने अमेरिकन गायक-गीतकार स्टीव्ह अर्लचे स्टुडिओ अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकतोय, मध्ये दुसरं काहीच नाही, घरचे वैतागलेत. पण माणूस काय आहे यार, कंट्री म्हणावं तर रॉक निघतो, रॉक म्हणावं तर पुढच्या अल्बमला बँजो घेऊन बसलेला असतो. तर माझे टॉप पाच असे: कॉपरहेड रोड (१९८८) एक नंबर, मग गिटार टाउन (१९८६), एल कोराझोन (१९९७), ट्रान्सेन्डेंटल ब्लूज (२०००) आणि पाचवा आय फील ऑलराइट (१९९६). २००० नंतरचं एकही आलं नाही त्यात, त्याचं थोडं वाईट वाटतंय. तुमची यादी टाका, आणि माझं चुकत असेल तर कुठे ते पण सांगा.

बी_साइड
चुकतंय ते पहिल्याच नंबरावर. कॉपरहेड रोडची पहिली बाजू सोनं आहे, वादच नाही. शीर्षकगीतात आजोबा चोरून दारू गाळणारा, नातू व्हिएतनामहून परत येऊन त्याच डोंगरात गांजा लावतो, तीन पिढ्यांची गोष्ट साडेचार मिनिटांत बसवलीय. द डेव्हिल्स राइट हँड आहे, आणि लंडनला जाऊन द पोग्ज बँडबरोबर वाजवलेलं जॉनी कम लेटली आहे. पण दुसरी बाजू? ओळीने प्रेमगीतं, आणि ड्रम्सवर ऐंशीच्या दशकातला तो गोदामात वाजवल्यासारखा घुमारा. मला त्यातली दोन गाणी आत्ता विचारलीस तर चाल आठवणार नाही. अर्ध्या अल्बमला पूर्ण मार्क कसे देणार?

माझ्या मते खरा अर्ल १९९५ पासूनचा. १९९० च्या द हार्ड वे नंतर माणूस नशेत पार बुडाला, १९९४ ला तुरुंगात गेला, तिथून व्यसनमुक्तीला, आणि बाहेर आल्यावर पुढच्या पाच-सहा वर्षांत ट्रेन अ कमिन, आय फील ऑलराइट, एल कोराझोन, द माउंटन, ट्रान्सेन्डेंटल ब्लूज असे पाच अल्बम, आणि पाचातला एकही टाकाऊ नाही. असा सलग हात फार कमी लोकांचा लागतो. तुझ्या यादीत ट्रेन अ कमिन नाहीच हे बघून मी दोनदा वाचली यादी. ड्रम्स नाहीत, नॉर्मन ब्लेक, पीटर रोवन आणि डबल बासवर रॉय हस्की ज्युनियर, बरीचशी गाणी अर्लने सत्तरच्या दशकात लिहून ठेवलेली. आणि त्यात गुडबाय. गायिका एमिलू हॅरिसने ते त्याच वर्षी तिच्या रेकिंग बॉल अल्बमवर गायलं, आणि गिटारला अर्लच होता.

डोंगराची_बँजो
बी_साइडला पूर्ण अनुमोदन, फक्त द माउंटनचं नुसतं नाव घेऊन पुढे गेलात ते नाही पटलं. डेल मॅककूरी बँडबरोबर अख्खा ब्लूग्रास (बँजो-फिडल-मँडोलिनचं अमेरिकन डोंगरी संगीत) अल्बम, १९९९ चा, आणि सगळी गाणी अर्लची स्वतःची. ब्लूग्रासवाले बहुतेक जुनीच घासतात (मी पण त्यातलीच, मला घासलेली आवडतात) आणि हा बाहेरून येऊन कॅरी ब्राउनसारखं गाणं लिहितो जे ऐकून वाटतं की हे शंभर वर्षांपूर्वीच असणार. आवाज त्याचा ब्लूग्रासला शोभणारा नाही हे मान्य, उंच सूर लागत नाहीत, बाकीचे वर जातात आणि हा खाली खरवडत बसतो. मला तर तेच आवडतं. माझा एक नंबर तोच.

चालता_बोलता
गिटार टाउनला कोणी वालीच नाही का इथे? अहो, तो पोरगा वयाच्या विशीच्या आत कंट्री संगीताच्या नॅशव्हिलला आला, गीतकार गाय क्लार्कच्या मागे बास गिटार वाजवलं, आणि पहिला पूर्ण अल्बम निघेपर्यंत एकतीस वर्षांचा झाला. एवढं साठलेलं सगळं त्या दहा गाण्यांत आलंय. कंट्रीच्या चार्टवर एक नंबरला गेला तो. रिचर्ड बेनेटचं ते खर्जातलं गिटार सुरू झालं की बस्स. भरतीचं एक गाणं दाखवा मला त्यात.

सहज_डोकावलो
गाय वरून आठवलं. अर्लचा २०१९ चा अल्बम आहे गाय, देवनागरीत लिहिलं की मी दरवेळी हसतो, सॉरी. पण अल्बम हसण्यासारखा नाही, गाय क्लार्क २०१६ ला गेला त्याची गाणी आहेत. आधी २००९ ला टाउन्स केला होता, गीतकार टाउन्स व्हॅन झँटच्या गाण्यांचा, त्याला ग्रॅमी पण मिळालं. आणि मग जे.टी. हा अल्बम. अर्लच्या ज्या मुलाचं नावच टाउन्सवरून जस्टिन टाउन्स ठेवलं होतं तो ऑगस्ट २०२० मध्ये गेला, आणि ४ जानेवारी २०२१ ला, मुलाच्या वाढदिवसाला, बापाने त्याच्याच गाण्यांचा अल्बम काढला. गुरू, दुसरा गुरू आणि मुलगा. आता हे कितव्या नंबरावर ठेवायचं सांगा.

बी_साइड
जे.टी. मी ऐकला आहे, दोनदा. गंमत म्हणजे रडका अजिबात नाही, बँड जोरात वाजवतोय, हार्लेम रिव्हर ब्लूजला तर पाय थांबत नाही. अर्लचं स्वतःचं त्यात एकच, सगळ्यात शेवटी, मुलाशी झालेल्या शेवटच्या बोलण्याचं. ते दुसऱ्यांदा नाही ऐकलं, बंद केलं. नंबर नाही देणार मी त्याला.

पण २००० नंतरचं काहीच नाही असं नको. घोस्ट्स ऑफ वेस्ट व्हर्जिनिया (२०२०) ऐक, २०१० ला अप्पर बिग ब्रांच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार गेले त्यावरचा. एका गाण्यात शेवटी तो मेलेल्यांची नावंच घेत सुटतो, चाल वगैरे काही नाही, नुसती नावं. जेरुसलेम (२००२) मात्र धाडसाचे मार्क जास्त घेतो. तालिबानकडे गेलेल्या अमेरिकन पोराच्या तोंडून गाणं लिहायचं, ते पण ११ सप्टेंबर होऊन वर्ष झालेलं नसताना, त्याला छाती लागते. अल्बम म्हणून मध्येच ढेपाळतो.

रात्रीचा_रेडिओ
बरं, काल रात्री ट्रेन अ कमिन परत लावला आणि लगेच पाठोपाठ एल कोराझोन. बी_साइड, माफी. एल कोराझोनमध्ये पहिल्या गाण्यात तो जुन्या लोकगायक वुडी गथ्रीला परत ये म्हणून हाका मारतो, नुसतं गिटार, मग मध्ये ब्लूग्रास आहे, टेलिफोन रोडला मागे फेअरफिल्ड फोर हा गॉस्पेल गट गातोय, सुपरसकर्स या रॉक बँडबरोबर पार कानठळ्या बसवणारं एन.वाय.सी. आहे, आणि शेवटी फोर्ट वर्थ ब्लूज, त्याच वर्षी १ जानेवारीला गेलेल्या टाउन्ससाठी. इतकं सगळं एकत्र कोंबून पण खिचडी झालेली नाही हे आधी लक्षातच आलं नव्हतं, कारण मी तो भांडी घासताना ऐकला होता.

तर नवीन यादी: एल कोराझोन, ट्रेन अ कमिन, गिटार टाउन, आय फील ऑलराइट, आणि पाचव्यावर द माउंटन आणि ट्रान्सेन्डेंटल ब्लूज मारामारी करतायत. कॉपरहेड रोड सहावा टाकायला हात होत नाहीये हो. ते बॅगपाइपसारखं सुरू होतं आणि मग मँडोलिन येतं ना, तिथे मी संपतो.

डोंगराची_बँजो
मग एक नंबरचं गाणं म्हण ना बाबा, अल्बम कशाला म्हणतोस. आणि मारामारी कसली, द माउंटन पाचवा. टाक.